रफ्नर बंधूंची विंधन विहीर

अमेरिकेच्या पश्चिम व्हर्जिनिया राज्यात कॅनॉवा नदीच्या काठी माल्डेन नावाचे गाव आहे. तेथील मिठाच्या जुन्या धंद्याची आठवण देणारे फलक त्या भागात रस्त्याकडेला उभारलेले आहेत. ज्या विहिरीमुळे या धंद्यास ऊर्जितावस्था आली, ती १८०८ साली पुरी झाली. ती खणलेली नव्हती. कातळात छिद्र पाडून विंधलेली होती. ती मिठासाठी घेतलेली असली, तरी आपल्या गावोगावच्या विंधन विहिरींचे एक मर्म तिच्या हकिगतीत सापडते.

या नदीकाठी खारे पाणी पाझरून वर येई. परंतु वाटेत गोडे पाणी मिसळून ते फिके पडे, आणि असे पाणी आटवून मीठ काढावयाचे म्हणजे सरपण अतोनात लागे. डेव्हिड व जोसेफ रफ्नर या भावांनी १८०६ च्या सुमारास काम हाती घेतले, ते खाऱ्या पाण्याच्या मुळाशीच जावयाचे या निश्चयाने.

वाळूत खड्डा टिकेना. तेव्हा त्यांनी सिकमोर वृक्षाचा, आतून चार फूट रुंद असा पोकळ बुंधा उभा केला. आत उतरलेला मनुष्य कुदळ-फावड्याने माती काढी, ती वर ओढून घेण्यात येई आणि बुंधा खाली सरकत जाई. रेताड जमिनीत विहिरीला सिमेंटची कडी उतरवितात, तीच ही रीत होय. सोळा-सतरा फुटांवर कातळ लागला. पण बुंध्याचे तोंड त्यावर घट्ट बसेना. फटींतून वरचे पाणी आत येतच राहिले. अखेर पाचरी ठोकून त्या फटी बुजविण्यात आल्या.

मग लांब लोखंडी दांड्याला अडीच इंच रुंदीची छिन्नी बसवून तो दांडा दोराने एका लवचिक वाशास टांगला. वासा दाबला की छिन्नी कातळावर आपटे, सोडला की वर उचलली जाई. असे घावावर घाव घालीत १५ जानेवारी १८०८ पर्यंत कातळात चाळीस फूट छिद्र पडले. बुंध्याच्या माथ्यापासून मोजता एकूण खोली अठ्ठावन्न फूट झाली.

खरी कसोटी याच्या पुढे होती. छिद्रात खोलवर तेज खारे पाणी लागले होते, पण वरच्या झिरपांचे फिके पाणी त्यात मिसळत होते. बाजारात तयार नळी मिळण्यासारखी नव्हती. रफ्नर बंधूंनी लाकडाच्या दोन लांब पट्ट्या आतून कोरून एकमेकींवर बसविल्या व त्यांवर सुतळी गुंडाळली. खालच्या टोकाला गुंडाळीचा फुगीर बोळा करून ती नळी छिद्रात दाबून बसविली. वरचे पाणी बाहेरच अडले आणि खारे पाणी नळीतून चढले. फेब्रुवारीत मीठ निघू लागले व त्याचा भाव पौंडाला चार सेंटपर्यंत उतरला. पुढे या धंद्याचा पसारा गुलामांच्या श्रमावर वाढला, हेही सांगितले पाहिजे. मुक्तीनंतर येथील मिठाच्या भट्टीवर राबलेल्या मुलांत बुकर टी. वॉशिंग्टन हे एक होत.

याला जगातील पहिली विंधन विहीर मात्र म्हणता येणार नाही. चीनच्या सिचुआन प्रांतात मिठासाठी बांबूच्या नळ्या घालून विहिरी विंधण्याची विद्या त्याच्या कित्येक शतके आधीपासून होती.

आता आपल्याकडे पाहू. यंत्र एका दिवसात शेकडो फूट कातळ विंधते, पण वरच्या माती-मुरुमाच्या थरातील पाणी आजही तसेच आत उतरावयास पाहते. या थरात गोठ्याची घाण, शोषखड्ड्याचे पाणी व खतांचा निचरा मुरलेला असतो. त्यास अडविणारी वस्तू म्हणजे केसिंग पाइप. त्याचे पैसे फुटावर द्यावे लागतात, म्हणून पुष्कळ शेतकरी तो मुरुमातच थांबवितात. ही काटकसर महागात पडते. पाइप मुरूम संपून टणक कातळात काही फूट रुतेपर्यंत उतरवावा, त्याच्या बाहेरची पोकळी सिमेंटने भरून घ्यावी आणि तोंडाभोवती उताराचा ओटा बांधावा. गोठा, उकिरडा व शोषखड्डा निदान पन्नास फूट दूर असावेत. ग्रामसेवकांनी यंत्र गावात असतानाच हे पाहावे. यंत्र निघून गेल्यावर पाइप कोठे टेकला हे वरून दिसत नाही.

पहिल्या मोठ्या पावसानंतर विंधन विहिरीचे पाणी गढूळ येऊ लागले, तर पाइपाच्या बुडाशी फट राहिली असल्याचा संशय प्रथम घ्यावा, आणि पाण्याची तपासणी होईपर्यंत ते उकळूनच प्यावे.