हवेतील नत्र आणि लोखंडाचे कार्य

हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असतो. शेतातील प्रत्येक रोप या वायूने वेढलेले असते. तरीही नत्राच्या अभावी ते पिवळे पडते. या विसंगतीचे कारण नत्राच्या रेणूत आहे. त्यातील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. हा बंध इतका बळकट असतो की, नत्र सहसा दुसऱ्या पदार्थाशी संयोग पावत नाही. वनस्पतींना तो उपलब्ध व्हावयाचा, तर प्रथम हा बंध तुटला पाहिजे.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये ऑस्मियम धातूच्या साहाय्याने नत्र व हायड्रोजन यांपासून अमोनिया तयार करून दाखविला. परंतु ऑस्मियम अत्यंत दुर्मीळ होता. तेव्हा आल्विन मिटाश यांनी हजारो प्रयोगांती लोखंडावर आधारित उत्प्रेरक सिद्ध केला. कार्ल बॉश यांनी प्रचंड दाब सोसणारी यंत्रसामग्री उभारली आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला.

लोखंड हा संक्रमणी धातू होय. त्याच्या अणूंत इलेक्ट्रॉनांचे एक उपकवच अपुरे भरलेले असते. नत्राचा रेणू लोखंडाच्या पृष्ठभागास चिकटला की, धातूकडील इलेक्ट्रॉन त्याच्याकडे सरकतात. बंध सैल होतो व अखेर तुटतो. सुट्या अणूंना हायड्रोजनचे अणू एकेक करून जोडले जातात. तयार झालेला अमोनिया निघून जातो आणि लोखंड पुढील रेणूसाठी मोकळे होते. पृष्ठभागांवरील अशा क्रियांच्या अभ्यासाबद्दल गेरहार्ट अर्टल यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्रात ट्रॉम्बे व रायगड जिल्ह्यातील थळ येथे अमोनियापासून युरिया तयार होतो. उत्प्रेरक असूनही अमोनियानिर्मितीस सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान व मोठा दाब लागतो. हायड्रोजनसाठी नैसर्गिक वायू खर्ची पडतो. इतक्या सायासाने मिळविलेला नत्र, युरिया मातीवर नुसता फेकल्यास, अमोनियाच्या रूपाने पुन्हा हवेत जातो. अतिरिक्त मात्रा नायट्रेट होऊन विहिरींच्या पाण्यात उतरते.

तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हेच कार्य मातीच्या नेहमीच्या तापमानात करतात. त्यांच्या विकरातही लोखंड असते. जोडीला मोलिब्डेनम असतो. म्हणूनच माती परीक्षणानुसार युरियाची मात्रा ठरविणे आणि द्विदल पिकांची फेरपालट करणे, हे दोन्ही उपाय गावोगावी रुजणे अगत्याचे आहे.