खुंटीच्या भोकात होनोलुलू

टेबलाखालच्या खोक्यात, दोन फुटक्या कंदिलांच्या मध्ये ते पालथं पडलं होतं. पेनसिल्व्हेनियातला रविवारचा जुना बाजार. मार्टिन गिटारींचं नॅझरेथ गाव तिथून अर्ध्या तासावर. "युकुलेले आहे. मार्टिनचंच असणार," विकणारी आजी म्हणाली. तारा नव्हत्या, घोडी एका बाजूने उचकटलेली, नाव कुठेच नाही. वीस डॉलर मोजले आणि मोह काखेत मारून घरी आणला.

मोहच तो. मार्टिन कंपनीने 1916 पासून युकुलेली नियमित विकायला काढली, आणि 1926 या एका वर्षात 14 हजारांवर बनवली. जुन्या मार्टिनच्या पोटात शिक्का ठोकलेला सापडतो. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा आत घालून मी तासभर धुंडाळलं. धूळ आणि एक मेलेला कोळी.

मी मिरजेचा. आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा उंबरा ओलांडायच्या आत जुनी माणसं सांगतात, कोणाच्या हातचा ते. मीही नाव सोडलं आणि हात बघायला लागलो.

मार्टिनच्या दांडीवर शिसवीसारख्या लाकडाची वेगळी पट्टी बसवलेली असते आणि पडदे तिच्यात. इथे बाराच्या बारा पडदे थेट दांडीच्या लाकडात रोवलेले. आत, तबली कडेला जिथे चिकटते तिथल्या पट्टीला मार्टिनकडे ओळीने करवतीच्या खाचा असतात. इथे नुसती अखंड बारीक काडी. मार्टिन गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मनातल्या मनात पैसे मोजून झाले होते.

मग लाकूड. उचकटलेल्या घोडीखाली मळ पोचला नव्हता, तिथे सोनेरी पट्टे दिसले. दिवा हलवला की पट्टेही सरकायचे. कोआ! फक्त हवाई बेटांवर उगवणारं झाड, आपल्या बाभळीचं दूरचं भाऊबंद. होनोलुलू म्हणून ओरडणारच होतो, तेवढ्यात आठवलं की 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनाने अमेरिकेला या वाद्याचं खूळ लावलं आणि कोआ मुख्य भूमीवरच्या कारखान्यांतही पोचलं. खुद्द मार्टिननेही कोआची युकुलेली केली. वर खुंट्या धातूच्या, स्क्रूने आवळायच्या. या तऱ्हेच्या खुंट्या 1920 च्या दशकात रुळल्या. म्हणजे कारखान्याचाच माल?

इथे रात्रीचे अकरा वाजले की मिरजेत सकाळ असते. ओळखीच्या एका सतारमेकर चाचांना व्हिडिओ कॉल लावला.

"चाचा, खुंट्या धातूच्या आहेत."

"खुंट्यांचं काय सांगतोस? त्या कोणीही बदलतो. एक काढ आणि भोक बघ. एकीकडून मोठं, दुसरीकडून बारीक आहे का?"

स्क्रू गंजलेला. दहा मिनिटं गेली. खुंटी निघाली तेव्हा तिच्याबरोबर कागदाची एक तपकिरी गुंडाळीही बाहेर आली, सैल भोकात कोणीतरी खुपसलेली. भोक मागून रुंद आणि पुढे निमुळतं होत गेलेलं.

"मग लाकडी खुंटी होती," चाचा म्हणाले. "आमच्यासारखी."

आता पुन्हा आरसा, पण दिवा तिरका. मघाशी समोरून उजेड टाकला होता म्हणून दिसलं नव्हतं: तबलीतल्या गोल भोकाखाली, मागच्या फळीवर, एक फिकट चौकोन. कोपऱ्यांत वाळलेल्या सरसाचे डाग. इथे कागद चिकटवलेला होता. होनोलुलूचे कारागीर कागदी लेबल लावत. मॅन्युएल नुनेस आपल्या लेबलावर स्वतःला युकुलेलेचा जनक म्हणवायचा; जोना कुमालाए 1915 चं सुवर्णपदक मिरवायचा.

नुनेसचा दावा तसा मोठाच. तो, आगुस्तो दियास आणि जुझे दो एस्पिरितो सांतो, तिघेही मदेरा बेटावरचे लाकडी सामान बनवणारे सुतार. 23 ऑगस्ट 1879 ला रेव्हन्सक्रॅग जहाजाने होनोलुलूला उतरले ते उसाच्या मळ्यांतल्या मजुरीच्या करारावर. पुढे शहरात दुकानं थाटली आणि गावाकडच्या माशेत नावाच्या चिमुकल्या चारतारी वाद्याला कोआचं अंग दिलं. जनक एकटा नुनेस कसा?

माझ्या वाद्यात पडदे, काडी, कोआ, खुंटीची भोकं, फिकट चौकोन, सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं. यातलं एकेक वेगळं धरलं असतं तर मी सोडूनच दिलं असतं. होनोलुलू, पहिल्या महायुद्धाच्या आसपासचं. दुकान कोणाचं, ते लेबलाबरोबर गेलं.

घोडी चिकटवली, नायलॉनच्या तारा चढवल्या आणि वाजवून चाचांना ऐकवलं.

"लाकूड कसलं म्हणालास?"

"बाभळीच्या जातीचं."

"बाभळीचे नांगर करतात रे," चाचा हसले. मग फोन कानाशी धरून म्हणाले, "परत छेड." मी छेडलं.

"जवारी कोणी बिघडवली याची?"