मीटिंगमध्ये सगळे 'हो' म्हणतात, मग काम का होत नाही?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण टीम सांभाळण्याबद्दल बोललो. वेळेअभावी एक मुद्दा राहून गेला, तो इथे सांगतो: सगळ्यांचं एकमत कसं करायचं?

आधी माझी चूक ऐका. सिडकोत माझं रेडीमेड कपड्यांचं दुकान आहे, पाच जणांचा स्टाफ. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी ठरवलं, महिनाभर दुकान रात्री दहापर्यंत उघडं ठेवायचं. सगळ्यांना बोलावलं, पाच मिनिटांत सांगून टाकलं आणि विचारलं, "कुणाला काही अडचण?" कुणीच बोललं नाही. मला वाटलं, झालं एकमत!

चौथ्या दिवशी लेडीज काउंटरच्या ताई म्हणाल्या, "सर, माझा हिशोब करून टाका. मला नाही जमणार."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. निम्मं गिऱ्हाईक त्यांना विचारत दुकानात येतं. मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी का नाही बोललात?" त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही तर सांगितलं."

त्या वाळूजहून येतात. जास्त काम करायला त्यांची ना नव्हतीच, रात्री घरी परत कसं जायचं हा प्रश्न होता. मग दोघांनी सकाळी लवकर येऊन साडेआठला निघायचं आणि तिघांनी उशिरा येऊन दहापर्यंत थांबायचं असं ठरलं. ताई राहिल्या, सीझनही निघाला.

एकमत नेमकं कशावर हवं?

आपल्याच शहराचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन तब्बल १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा. एकेकटे गेले असते तर साधे ग्राहक होते, एकत्र गेले म्हणून गाडीच्या किमतीवर आणि कर्जाच्या व्याजावर घासाघीस करता आली. पण एकत्र खरेदी करायची, एवढ्यावरच एकमत लागलं. मॉडेल ज्याचं त्याने निवडलं. दीडशे जणांना एकाच रंगावर राजी करायला बसले असते, तर ती मीटिंग आजही चालू असती!

'नाही' म्हणणाऱ्याचं काय करायचं?

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं गाव. तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. अवघड विषयावर आधी अभ्यासगटात चर्चा होते, मग तो ग्रामसभेत येतो. वेळ जास्त जातो, पण झालेला निर्णय सगळ्यांना आपला वाटतो. याच एकीच्या जोरावर २००९ मध्ये गावाने सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला.

आता दुकानात रोज अशी ग्रामसभा भरवता येणार नाही, आणि गरजही नाही. कोणता माल भरायचा, उधारी कुणाला द्यायची, हे मालकानेच ठरवावं. पण ज्या निर्णयाने स्टाफची वेळ, पगार, सुट्टी किंवा कामाची पद्धत बदलते, तिथे मी आता असं करतो:

१. मीटिंगच्या आधी प्रत्येकाशी एकेकट्याने बोलतो. चारचौघांत मालकासमोर 'नाही' म्हणायला धाडस लागतं.

२. "जमेल का?" असं विचारत नाही. "यात तुम्हाला अडचण कुठे येईल?" असं विचारतो.

३. मीटिंगमध्ये माझं मत सगळ्यात शेवटी सांगतो.

४. निर्णय १५ दिवसांच्या ट्रायलवर घेतो आणि कागदावर लिहून काउंटरमागे चिकटवतो.

एकमत म्हणजे सगळ्यांच्या मनासारखं होणं नाही. आपलं ऐकून घेतलं, असं प्रत्येकाला वाटलं की मनाविरुद्धचा निर्णयही माणूस निभावून नेतो.

या आठवड्याचा होमवर्क: तुमच्या टीममध्ये सगळ्यात कमी बोलणारा माणूस कोण? उद्या त्याच्यासोबत एक कटिंग चहा घ्या आणि फक्त ऐका. काय कळलं, ते मला नक्की सांगा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!