अजिंठा आधी की वेरूळ?
दगडातला महाराष्ट्र : भाग ९

छत्रपती संभाजीनगरला लग्नाला, परीक्षेला किंवा घृष्णेश्वराच्या दर्शनाला आलेल्या कुटुंबाच्या हाताशी बहुतेक वेळा एकच मोकळा दिवस असतो. वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटरवर, अजिंठा शंभराच्या आसपास. साहजिकच गाडी वेरूळकडे वळते. जाताना दौलताबाद होतो, लेण्यांलगत घृष्णेश्वर होतो, संध्याकाळी बीबी का मकबराही उरकतो. अजिंठा पुढच्या खेपेला, असं ठरतं आणि ती खेप कैक वर्षं येत नाही. दोन्ही ठिकाणं १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत. तरी एकच दिवस असेल तर तो अजिंठ्याला द्यावा, असं या लेखाचं आग्रहाचं म्हणणं आहे.

वेरूळला कमी लेखून हे म्हणता येणार नाही. तिथली सोळा क्रमांकाची लेणी, म्हणजे कैलास, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातली. डोंगरात आधी खोल चर खणून मधला प्रचंड कातळ मोकळा केला गेला आणि मग त्यातून मंदिर वरून खाली कोरत आणलं. पाया शेवटी, कळस आधी. सुमारे ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद प्रांगणात उभं राहिलं की माणसाला आधी हत्तींच्या रांगेवर तोललेला चौथरा दिसतो, मग कैलास हलवू पाहणारा रावण, आणि मान वर केली की शिखर. बडोद्याला सापडलेल्या नवव्या शतकातल्या राष्ट्रकूट ताम्रपटात एलापूरच्या या मंदिराचं वर्णन आहे : देवांनाही विस्मय वाटला, आणि ज्यानं ते घडवलं त्यालाही आपण हे कसं केलं याचा अचंबा वाटला. शेजारी दहाव्या लेण्याचं चैत्यगृह, तीन मजली तीनताल, बत्तिसाव्यातली जैन इंद्रसभा. बौद्ध, हिंदू आणि जैन मिळून चौतीस लेणी एकाच कड्यात.

हा सगळा ठेवा काळ्या पाषाणाचा आहे. पुढच्या पाच-दहा वर्षांत त्याला फार काही होणार नाही.

अजिंठ्याचा ठेवा मातीवर आहे. वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर तीस लेणी आहेत. नववी-दहावीसारखी काही इसवी सनापूर्वीची, सातवाहन काळातली. पण बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळची. सोळावं लेणं त्याचा मंत्री वराहदेव यानं खोदवलं, तसा शिलालेखच तिथं आहे. इथली भित्तिचित्रं काढणाऱ्या चित्रकारांनी खडबडीत भिंतीवर माती, भुसा आणि गवताच्या तंतूंचा गिलावा चढवला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. निळा रंग ज्या दगडाचा, तो अफगाणिस्तानातून आलेला. ओल्या चुन्यात रंग जसा मुरतो तसा तो इथं मुरलेला नाही, वर बसलेला आहे. गिलावा सुटला की चित्रही गेलं. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले संशोधकांना आढळले आहेत. अजिंठ्यात ते नाहीत, आणि तिथला गिलावा किड्यांनी जागोजाग पोखरला.

त्यात माणसांनी भर घातली. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ दहाव्या लेण्यात शिरला आणि तिथल्या रंगवलेल्या खांबावर त्यानं आपलं नाव नि तारीख कोरली. १८४४ पासून रॉबर्ट गिल यानं वर्षानुवर्षं तिथं राहून चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला उतरवल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. दोनदा एवढे कष्ट, आणि दोनदा राख! १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले हे मोठं काम. पण वरून दिलेला लाखेचा हात पुढं पिवळा पडला, आणि तो उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची अनेक वर्षं गेली.

आज गर्दीच्या श्वासातली वाफ आणि उष्णताही त्या भिंतींना सोसावी लागते. म्हणून तिथं फ्लॅश चालत नाही, आत मंद दिवे असतात आणि प्रेक्षकांना थोडे थोडे करून सोडतात.

या मंद उजेडामुळे अनेकजण निराश होऊन बाहेर पडतात. पहिल्या लेण्यात शिरताक्षणी पद्मपाणी दिसत नाही. डोळे अंधाराला सरावायला दोन-चार मिनिटं द्यावी लागतात. दुसरी अडचण गोष्टींची. सतराव्या लेण्यातला विश्वंतर किंवा पहिल्यातला महाजनक भिंतीवर डावीकडून उजवीकडे क्रमानं उलगडत नाही. एका जागी घडलेले प्रसंग, मग ते आधीचे असोत की नंतरचे, चित्रकारानं जवळजवळ मांडले आहेत. तोच राजपुत्र एका भिंतीवर अनेकदा भेटतो. म्हणून या दोन जातककथा घरून वाचून जाव्यात, मुलांना गाडीत सांगाव्यात. पहिलं, दुसरं, सोळावं आणि सतरावं ही चार लेणी चित्रांसाठी, सव्विसावं महापरिनिर्वाणातल्या पहुडलेल्या बुद्धासाठी. एवढं नीट पाहिलं तरी दिवस पुरत नाही.

बरोबर गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील तर मात्र वेरूळच बरं. कैलास प्रवेशद्वारापासून अगदी जवळ आहे. अजिंठ्याला खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून चारेक किलोमीटर बसनं जावं लागतं आणि पुढं बऱ्याच पायऱ्या आहेत. डोलीवाले मिळतात, पण ते सगळ्यांनाच रुचत नाही. वेरूळचा कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यानं तिथं दुपार कलल्यावर जावं, तेव्हा ऊन थेट लेण्यांत शिरतं.

ठरवण्याआधी वारही बघावा. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. दोन दिवस मिळालेच आणि ते नेमके सोमवार-मंगळवार असले, तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, एवढाच क्रम जमतो.