आकडा कुठून मोजला?

पावसाळा लागला की सांगलीत घरोघरी दोन आकडे चालू असतात. एक आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पातळीचा, फुटांत: 40 ला इशारा, 45 ला धोका. दुसरा याच नदीवर खाली कर्नाटकात असलेल्या आलमट्टी धरणाचा, मीटरमध्ये: 519.60 झाले की धरण भरले. मग शेजारपाजारचे विचारतात, "मॅडम, तिकडं 519 आणि इकडं 45. म्हणजे तिकडचं पाणी आपल्यापेक्षा वर हाय का हो?"

माझी नोकरी पाटबंधाऱ्यात झाली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. प्रश्न अगदी रास्त आहे. पुलाचे फूट त्या पुलापाशीच ठरवलेल्या शून्यापासून मोजतात, आलमट्टीचे मीटर समुद्रसपाटीपासून. पुलाच्या पट्टीचे शून्य समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, हे कळल्याखेरीज हे आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत. ही सांगड ज्या खुणेवरून घालतात तिला आम्ही बीएम म्हणतो. बीएम म्हणजे बेंचमार्क.

हा शब्द आता कुठेही ऐकू येतो. शाळेचा निकाल, मोबाइलचा वेग, बँकेचा व्याजदर, सगळ्याला बेंचमार्क असतो. पण तो मूळचा आमच्या कामातला, दगडावर छिन्नीने कोरलेली खूण. इंग्लंडमधले मोजणीदार भिंतीवर आडवी खाच पाडत, तिच्यात लोखंडी कोन बसवत आणि त्या टेकूवर मोजपट्टी उभी करत. तो टेकू म्हणजे बेंच. पुढच्या वर्षी दुसरा कोणी आला, तरी पट्टी त्याच उंचीवर उभी राहायची. आपल्याकडे अशा दगडांवर जीटीएस ही अक्षरे कोरलेली असतात, ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेची. नागपुरात झिरो माइलच्या खांबाजवळ असा 1907 सालचा प्रमाण बेंचमार्क आहे. तिथली उंची 1020.171 फूट. इंचाचा अंशही सोडलेला नाही!

ही काटेकोरी कशाला, ते कालव्यावर कळते. मोठ्या कालव्याला 5000 ला 1 उतार दिला, तर किलोमीटरमागे तळ फक्त 20 सेंटिमीटर खाली जातो. डोळ्यांना ती जमीन सपाटच दिसते. तिथे नजरेवर भरवसा ठेवला तर पाणी टेलपर्यंत, म्हणजे शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत, पोचतच नाही. आम्ही तिपाईवर डंपी लेव्हल, म्हणजे सपाटी पाहायची दुर्बीण, लावायचो, बुडबुडा मध्यावर आणायचो. खलाशी, म्हणजे आमचा मदतनीस, बीएमवर स्टाफ, म्हणजे उंच मोजपट्टी, धरून उभा राहायचा. ते पहिले वाचन बीएमच्या उंचीत मिळवले की दुर्बिणीची उंची निघते. पुढे जिथे जिथे स्टाफ लागेल, तिथले वाचन त्यातून वजा करत जायचे. संध्याकाळी मात्र पुन्हा ओळखीच्या बीएमवर येऊन मिळायचे. आकडा काही मिलिमीटरांच्या आत जुळला तर काम खरे, नाहीतर दिवसभराची लेव्हल पुन्हा. थकलेल्या माणसांना हे सांगणे जिवावर येई, पण तिथे सूट देणे म्हणजे कोणाच्या तरी शेताचे पाणी तोडणे.

आता समुद्रसपाटी म्हणजे तरी काय? समुद्र तर भरती-ओहोटीने तासातासाला हलतो. म्हणून बंदरांत वर्षानुवर्षे पाण्याच्या नोंदी घेऊन सरासरी काढली. कराचीपासून फॉल्स पॉइंटपर्यंत नऊ बंदरे निवडली होती, आपल्या मुंबईचे अपोलो बंदर त्यांतलेच. 1909 मध्ये या सरासरीवर देशभरच्या उंचीचे जाळे बसवले गेले.

दुसऱ्या देशाने दुसरा समुद्र धरला तर? ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्गला जर्मनी आणि स्वित्झर्लंड दोन्ही काठांकडून पूल बांधत होते. जर्मनीची उंची उत्तर समुद्रावरून, स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्रावरून. दोन्हींत 27 सेंटिमीटरांचा फरक आहे, हे अभियंत्यांना पक्के ठाऊक होते. हिशेबात अधिक-उणे उलटे पडले आणि 2003 मध्ये फरक मिटण्याऐवजी दुप्पट, 54 सेंटिमीटर झाल्याचे ध्यानात आले. एका काठाची उंची बदलावी लागली.

म्हणूनच कोणी बेंचमार्क म्हटले की मी आधी विचारते, आधार कुठला? सेन्सेक्स याला नीट उत्तर देतो: 1978-79 हे वर्ष, आधार 100. निर्देशांक 80,000 असेल तर तो त्या आधाराच्या 800 पट. एखादा शिकवणी वर्ग "राज्यात बेंचमार्क" अशी पाटी लावतो, तेव्हा कशाच्या तुलनेत, कोणत्या वर्षी, हे कुठेच लिहिलेले नसते. अशा पाटीला मी बेंचमार्क मानत नाही.

खऱ्या बीएमची काळजी मात्र मला मनापासून वाटते. रस्ता रुंद होतो, जुना पूल पाडला जातो, आणि कोरलेला दगड राडारोड्यात जातो. दगड हलवायचाच असेल, तर आधी त्याची उंची जवळच्या पक्क्या बांधकामावर उतरवून घ्यावी लागते. लेव्हल आणि स्टाफ असला तर ते फार मोठे काम नाही. दगड उखडल्यावर मात्र ती उंची दूरच्या दुसऱ्या बीएमवरून, टप्प्याटप्प्याने आणावी लागते. पूररेषेच्या गावांत तर माझी आणखी एक मागणी आहे: नदीच्या पट्टीवर जिथे शून्य लिहिले आहे, तिथेच त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची रंगवा. मग आलमट्टीचा आकडा आला की सांगलीतला शाळकरी मुलगाही वजाबाकी करून पाहील.