शेजाऱ्याचें बांडगूळ

रत्नागिरीच्या आसपासच्या कोणत्याही वाडींत जाऊन गडग्यापाशीं क्षणभर उभें राहावें. गडग्याच्या एका अंगास आळीं केलेली, खत घातलेली, पाचोळा झाडलेली कलमांची बाग दिसते. दुसऱ्या अंगास पुरुषभर उंच रानमोडी, घाणेरीच्या जाळ्या, आणि त्यांतून कशींबशीं डोकीं वर काढणारीं चार जुनीं कलमें. त्यांच्या फांदीफांदीवर बांडगुळांचे झुबके लोंबत असतात. पहिल्या बागेचा मालक गांवांत राहतो. दुसरीचा मालक कोण असें विचारल्यास सांगणाऱ्यास बोटें मोजावीं लागतात. एक भाऊ परळास, एक डोंबिवलीस, दोघे ठाण्यास, बहीण सुरतेस दिलेली, आणि चुलता वारला त्याच्या मुलांची वारसनोंद अद्याप व्हावयाची आहे.

हा केवळ शोभेचा प्रश्न असता तर आम्हीं त्यावर लेखणी उचलली नसती. आपली जमीन ओसाड ठेवण्याची मालकास मुभा आहे, असें आम्हांस कायद्याच्या शाळेंत शिकविण्यांत आलें, व बऱ्याच अंशीं तें खरेंही आहे. परंतु बांडगूळ सातबाऱ्याची हद्द ओळखीत नाहीं. त्याचें फळ चिकट असतें. फुलटोच्या नांवाचा, चिमणीहूनही लहान असा पक्षी तें खातो आणि चिकट बीं शेजारच्या कलमाच्या फांदीस पुसून मोकळा होतो. तेथें तें रुजतें, सालींतून आंत शिरतें आणि झाडाचें पाणी व क्षार ओढून घेतें. पानें हिरवीं असल्यामुळें आपलें अन्न बांडगूळ स्वतः शिजवितें खरें, पण चुलीवरचें पाणी मात्र दुसऱ्याच्या विहिरीचें! हळूहळू पुढची फांदी वाळते आणि मोहोर कमी होतो. नुसता झुबका ओढून काढल्यास आंत राहिलेल्या भागांतून तो पुन्हां फुटतो. म्हणून रुजल्या जागेच्या खालून फांदीच छाटावी लागते. हें काम एकानें दरसाल पदरच्या मजुरीनें करावें आणि गडग्यापलीकडे बियांचें कोठार तसेंच भरलेलें असावें, हें भोंक न बुजवितां होडींतलें पाणी उपसत बसण्यासारखें आहे.

रानमोडीची तऱ्हा निराळी. ही मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतली. एकोणिसाव्या शतकांत बंगालच्या वाटेनें हिंदुस्थानांत शिरली आणि पुढें सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस पसरली. गुरें तिला तोंड लावीत नाहींत. तोडली तर बुंध्यापासून पुन्हां फुटते. थंडींत फुलते, आणि तिचें केसाळ बीं वाऱ्यावर कोठवर जाईल याचा नेम नाहीं. फाल्गुन-चैत्रांत ती वाळून कडकडीत झाली म्हणजे एका काडीचें काम. वणवा रानमोडीच लावते असें आमचें म्हणणें नाहीं. काडी माणूसच टाकतो, कधीं निष्काळजीपणानें, कधीं बुद्ध्या. पण पडीक जमिनींतली ही वाळकी रास नसती तर तो वणवा गडगा ओलांडून शेजारच्या बागेंत इतक्या सहज उतरला नसता. १९९० पासून रोजगार हमीच्या फळबाग योजनेनें आमच्या वरकस डोंगरउतारांवर आंबा-काजूची लागवड झाली. दहा-बारा वर्षें पोराप्रमाणें वाढविलेलें कलम एका दुपारींत जळून जातांना पाहणाऱ्यास मालकी हक्काचें तत्त्वज्ञान ऐकविण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

जातां जातां एक गंमत नमूद करावीशी वाटते. याच रानमोडीस केरळांत लोक कम्युनिस्टांचें नांव देतात; आणि १९५५ सालीं पुण्यांत ज्याची नोंद झाली त्या पांढऱ्या फुलांच्या गाजर गवतास आमचे लोक काँग्रेस गवत म्हणतात. उपद्रवी तणास राजकीय पक्षाचें नांव देण्यांत जनतेनें पक्षपात केलेला नाहीं, एवढें कबूल केलें पाहिजे.

असो. कायद्याकडे वळूं. शेताच्या शत्रूंचा बंदोबस्त कायद्यानें करण्याची कल्पना नवी नाहीं. परदेशांतून कीड येऊं नये म्हणून १९१४ सालीं सर्व हिंदुस्थानासाठीं कायदा झाला. मद्रास इलाख्यानें १९१९ सालीं आपला कायदा केला. बंगालनें १९३६ सालीं जलपर्णीपुरता स्वतंत्र कायदा केला. आमच्या मुंबई प्रांतांत १९४७ सालीं, म्हणजे रत्नागिरींतच जन्मलेले बाळासाहेब खेर प्रांताचा कारभार पाहत असतां, शेतीवरील कीड, रोग व उपद्रवी तण यांच्या बंदोबस्ताचा कायदा मंजूर झाला. या सर्व प्रांतिक कायद्यांचा सांगाडा जवळजवळ एकच आहे. सरकारनें जाहीरनामा काढून अमुक क्षेत्रांत अमुक उपद्रव आहे असें ठरवावें. जमीन कसणाऱ्यानें सांगितलेला उपाय करावा. न केल्यास अधिकाऱ्यानें नोटीस देऊन तो करवून घ्यावा व खर्च जमीन महसुलाप्रमाणें वसूल करावा. बांडगूळ हें तण कीं रोग, असा वकिली वाद दोन्ही बाजूंनीं घालतां येईल व फीही मिळेल. परंतु शब्दांचा प्रामाणिक अर्थ लावल्यास परोपजीवी झाड दोहोंपैकीं एका सदरांत बसविणें कठीण नाहीं.

मग कायदा असून वाण कसली? आमच्या परिचयाच्या बागायतदारांपैकीं बहुतेकांस त्याची वार्ताही नाहीं, हें एक. पण केवळ जाहीरनाम्यानें तण मरत नाहीं, हेंही तितकेंच खरें. कर्नाटक सरकारनें आपल्या १९६८ च्या कायद्याखालीं १९७५ सालीं गाजर गवतास उपद्रवी तण म्हणून जाहीर केलें. तरीही तें गवत तेथें आहे, आणि त्याच्यावर सोडण्यासाठीं १९८३ सालीं मेक्सिकोहून भुंगेरे आणावे लागले. दक्षिणेंतला निवडुंगही दंडाच्या धाकानें हटला नाहीं. १९२६ सालीं सिंहलद्वीपांतून आणलेल्या एका किड्यानें तें काम केलें. इंग्लंडांत १९५९ च्या कायद्यानें मोजक्या पांचच तणांचीं नांवें घातलीं; त्यांतला शहाणपणा आम्हांस पटतो. सर्वच झुडुपांमागें धावणारा अंमलदार एकही झुडूप उपटीत नाहीं. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यापुरतीं दोनच नांवें घ्यावींत: बागांतून बांडगूळ, आणि बागांलगतच्या पडीक जमिनींतून रानमोडी.

खरी अडचण मात्र याहून खोल आहे. कायदा म्हणतो, जमीन ज्याच्या ताब्यांत त्यास नोटीस द्या. कोंकणांत ताबा कोणाचा? १९४९ च्या कायद्यानें खोती गेली हें उत्तम झालें. परंतु तिच्या जागीं पिढ्यानपिढ्या न वांटलेली सामाईक जमीन राहिली. सातबाऱ्यावर नांवांची माळ असते, त्यांतलीं कित्येक नांवें स्वर्गवासी. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या ८५ व्या कलमानें वांटणीची सोय आहे, पण तिच्या वाटेस कोणी जात नाहीं, कारण वांटणीचा अर्ज म्हणजे भाऊबंदकीस आमंत्रण. अशा मालकांपैकीं एकास नोटीस बजावली तर तो म्हणतो, माझा हिस्सा सोळा आण्यांत एक आणा. एका आण्याचें बांडगूळ मी कोणत्या फांदीवरचें काढूं? आणि त्याचें म्हणणें अगदींच खोटें नसतें.

१९४८ च्या कूळ कायद्याच्या ६५ व्या कलमानें सलग दोन वर्षें पडीक राहिलेल्या जमिनीची व्यवस्था सरकारास आपल्याकडे घेतां येते. हा उपाय आम्हांस मान्य नाहीं. तणासाठीं जमीन काढून घेण्याची भाषा सुरूं झाली कीं चाकरमानी घाबरून ती मिळेल त्या किमतीस विकतील, आणि घेणारा बाहेरचा धनिक जांभ्या दगडाचा उंच गडगा घालून पुन्हां दहा वर्षें फिरकणार नाहीं. मग रानमोडी तीच, मालक मात्र परका.

आमची सूचना साधी आहे. नोटीस माणसास न देतां जमिनीस द्यावी. म्हणजे ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर व जमिनीवर लावावी, आणि तेवढी बजावणी पुरेशी समजावी. ठराविक मुदतींत काम न झाल्यास पंचायतीनें गांवच्याच गड्यांकडून तें करवून घ्यावें आणि खर्चाचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यांत चढवावा. मग मालक चौदा असोत कीं चाळीस, विक्री, वांटणी अथवा कर्जाचे वेळीं तो फिटल्यावांचून गत्यंतर नाहीं. दंड नको, तुरुंग तर नकोच. जेवढी मजुरी लागली तेवढीच, एक पैही अधिक नाहीं.

कोणी म्हणेल, गांवांत एकटी राहणारी, मुलगा मुंबईस पोटापुरतें मिळविणारा, अशा म्हातारीनें हा बोजा कां सोसावा? हा आक्षेप आम्ही मनावर घेतो. आज मजूर मिळत नाहीं. बागा राखावयास नेपाळी गडी येतात, त्यांचीही मजुरी द्यावयास सर्वांस झेपत नाहीं. म्हणून अल्पभूधारकाच्या घरवहिवाटीच्या जमिनींतलें काम रोजगार हमींतून व्हावें, आणि बोजा चढावा तो गैरहजर मालकाच्या जमिनीवर. हा भेद करावयास तलाठ्यास फारसें संशोधन करावें लागणार नाहीं. गांवांत चूल कोणाची पेटते हें त्यास ठाऊक असतें.

शहरांतील व्यापारी बंधूंस हें शेतकऱ्याचें गाऱ्हाणें वाटेल. त्यांनीं २०१४ साल आठवावें. कांहीं मालांत फळमाशी सांपडली म्हणून युरोपीय संघानें १ मे पासून हिंदी आंब्याची आयात बंद केली, आणि ती उठविण्याचा निर्णय २०१५ च्या जानेवारींत झाला. फळमाशी व बांडगूळ एक नव्हेत. पण ती बंदी घालतांना कोणाची बाग स्वच्छ होती याची चौकशी कोणीं केली नाहीं. २०१८ सालीं कोंकणच्या पांच जिल्ह्यांच्या हापुसास भौगोलिक मानांकन मिळालें तेंही एकेका बागेस मिळालेलें नाहीं. पेटीवर जें नांव छापलें जातें तें सामाईक आहे, आणि त्याची अब्रूही सामाईक.

राहतां राहिला सरकारचा स्वतःचा गडगा. रस्त्यांच्या कडा, पडीक सरकारी जमिनी, रुंदीकरणांत फोडलेल्या दरडी, बंद पडलेल्या जांभ्याच्या खाणी, येथें रानमोडीस कोणाचीच हरकत नसते. आमची जिल्हाधिकाऱ्यांस विनंति आहे कीं, पहिली नोटीस त्यांनीं हातखंब्याच्या तिठ्यापासून शहरापर्यंतच्या रस्त्याच्या दुतर्फा जमिनीस लावावी व बांधकाम खात्याकडून तिची तामिली करून घ्यावी. भात झोडून झालें कीं गांवांत माणसांस चार दिवस उसंत असते आणि रानमोडीस तुरे यावयाचे असतात. दुसरी नोटीस गांवांत लावावयाची ती त्याच सुमारास.