सिरीज बोर्डापुढचा हात

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की चांदूर रेल्वेच्या आसपास मोटरी जळू लागतात. तीनपैकी एक फेज जातो, मोटर उरलेल्या दोहोंवर घुमत, कण्हत ओढत राहते, प्रवाह वाढतो आणि वाइंडिंगच्या तारेवरचं एनॅमल करपतं. मग ती मोटर दुचाकीला बांधून गावातल्या वाइंडिंगच्या दुकानात येते. संपादकांना या कारागिरांच्या हंगामावर लेख हवा होता. मी गेलो आणि भिंतीवरच्या एका फळीपाशीच थबकलो.

लाकडी फळी, तिच्यावर होल्डर, त्यात २०० वॅटचा जुना पिवळा बल्ब, शेजारी एक स्विच आणि खाली लोंबणाऱ्या दोन वायरी. वायरींची टोकं सोललेली, तांबं उघडं. हा सिरीज बोर्ड. दुकानातल्या काकांनी एक टोक वाइंडिंगच्या शेंड्याला लावलं, दुसरं मोटरच्या अंगाला. "बल्ब फुल पेटला म्हंजे मोटर बॉडीले लागली. मिणमिणला त ओल हाय. नाही पेटला त सुटली, भाऊ."

युक्ती खरोखर सुंदर आहे. मोटरीत सरळ शॉर्ट असला तरी बल्ब प्रवाहाला २०० वॅटच्या हिशेबात, म्हणजे साधारण ०.९ अँपिअरवर धरून ठेवतो. फ्यूज जात नाही, वाइंडिंग आणखी जळत नाही आणि निदान डोळ्यांना दिसतं. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं.

पण हा बल्ब मोटर वाचवतो, माणूस नाही. तापलेल्या तारेचा रोध २६५ ओहमच्या आसपास असतो, थंड तारेचा त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. सोललेलं टोक हाताला लागलं आणि पाय ओल्या फरशीवर असले, तर शरीराचा रोध हजार ओहम धरून सुमारे २२० मिलिअँपिअर अंगातून जातील. हृदयाची लय बिघडण्याचा धोका त्याच्या कितीतरी अलीकडे सुरू होतो, म्हणून तर माणसाच्या रक्षणासाठीचे, गळती पकडून वीज तोडणारे आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचे असतात. आणि एवढा प्रवाह जात असताना बल्ब पेटणारही नाही. शेजारी उभ्या असलेल्याला काही घडतंय हे बोर्डाकडे पाहून समजायचं नाही.

फळीच्या मागची जोडणीही पाहिली. वायर दोन पिनांच्या प्लगमधून येते आणि स्विच एकाच तारेत आहे. प्लग उलटा बसला की स्विच न्यूट्रल तोडतो आणि फेज तसाच टोकापर्यंत पोचलेला राहतो. स्विच बंद दिसतो, टोक मात्र जिवंत. दोन्ही तारा एकदम तोडणारा डबल पोल स्विच आणि उलटा न बसणारा तीन पिनांचा प्लग, एवढ्यावर ही खोड मिटते. स्टेशनातल्या रुळांवरून जाणाऱ्या २५,००० व्होल्टच्या तारेला सगळं गाव वचकून असतं. या २३० व्होल्टांना कुणी भीत नाही, ते रोज हातात असतात.

मोटर तपासण्याचं रीतसर साधन शंभर वर्षांहून जुनं आहे. सिडनी एव्हरशेड यांच्या कंपनीने १९०३मध्ये 'मेगर' हे नाव नोंदवलं. हँडल फिरवायचं, ५०० व्होल्ट डीसी तयार होतात आणि काटा मेगओहम दाखवतो. त्यातून निघू शकणारा प्रवाह फार थोडा, म्हणून झटका बसला तरी तो सहसा जीव घेत नाही. कायदाही जुनाच. १९५६च्या वीज नियमांत पुढे गळतीरोधक यंत्राचं कलम आलं, २०१०मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले आणि २०२३मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली.

काकांकडे मेगर आहे. आरसीसीबीही होता, तो त्यांनी बायपास केला. कारण त्यांच्याच शब्दांत ऐकावं: "बॉडीले लागलेली मोटर लावली की थो पडते. आता आमच्याकडं येतातच लागलेल्या मोटरी. दिवसातून कितीदा उचलू त्याले?"

परीक्षण-यंत्रं बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांतल्या अभियंत्यांना छळणारा प्रश्न हाच आहे. ज्या वस्तूच्या इन्सुलेशनवर संशय आहे तिलाच वीज द्यायची, मग गळती पकडणारं यंत्र पडणारच. युरोपात परीक्षण-केंद्रांसाठी ईएन ५०१९१ हे मानक आहे. चाचणीचा प्रवाह ३ मिलिअँपिअर एसीच्या आत धरून ठेवा. ते जमत नसेल तर जाळी, दार उघडताच वीज तोडणारा इंटरलॉक, लाल-हिरवे दिवे, दोन्ही हात गुंतवणारी बटणं लावा, असा त्याचा रोख. चांदूर रेल्वेच्या दहा बाय बाराच्या दुकानात जाळीला जागा नाही. पण क्रम बदलायला जागा लागत नाही. आधी मेगर. ४१५ व्होल्टच्या मोटरीचं वाचन दीड मेगओहमच्याही खाली आलं तर तिला मेन्सची वीज दाखवायचीच नाही. पास झालेली मोटरच आरसीसीबीमधून चालवून पाहायची. मग तो पडला तर ती कटकट उरत नाही, मोटरीबद्दलचा निकाल ठरतो.

काकांना हे पटलं. मात्र पावसाळ्यात मेगर सगळ्याच मोटरी नापास करतो, हे त्यांनी लगेच सांगितलं. मोटर आतून वाळवावी लागते, त्यासाठी स्टेटरच्या पोटात हाच २०० वॅटचा बल्ब रात्रभर लावून ठेवतात. तोवर शेतकरी दारात उभा, कारण शेतीची लाइन पाळीने येते आणि पाळी चुकली की पाणी राहतं. असे बल्बही आता सहज मिळत नाहीत. एलईडी त्या जागी लावून चालत नाही, तो जराशा गळतीवरही लुकलुकतो आणि मिणमिण व फुल यातला फरकच पुसून टाकतो.

अर्थिंगचा तिढा वेगळाच. काळी जमीन ओली असताना अर्थिंग छान लागतं. एप्रिल-मेमध्ये तीच जमीन भेगाळते, पाइपापासून माती सुटते आणि रोध चढतो. आयएस ३०४३ या मानकात अडीच मीटर पाइपाभोवती कोळसा-मीठ भरायला आणि पाणी घालायला सांगितलंय. ज्या उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची ओढ, त्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादली ओतायची कुणाला आठवण राहते? आरसीसीबी अंगातून जाणाऱ्या गळतीवरही पडतो, पण अर्थिंग धड असेल तर तो हात लागायच्या आधीच पडतो.

सिंगल फेज मोटरीचा कंडेन्सर तर वीज काढल्यावरही भरलेला राहतो. ३६ मायक्रोफॅरडचा, एसीच्या ३२५ व्होल्ट शिखरावर सुटला, तर त्यात १.९ ज्यूल साठतात. त्या युरोपीय मानकाची मर्यादा ०.३५ ज्यूल. काका स्क्रूड्रायव्हर आडवा लावून ठिणगी पाडतात. दोन टोकांना जोडलेला एक मोठा रोध हेच काम शांतपणे करतो. तो मी त्यांना कागदावर काढून दिला.

आता दुकानात सौर पंप येऊ लागलेत. त्यांपुढे सिरीज बोर्ड काही कामाचा नाही. ओळीने जोडलेली पॅनेलं शेकडो व्होल्ट डीसी देतात आणि ऊन आहे तोवर ती बंद करता येत नाहीत. कंट्रोलरमधले कंडेन्सर पॅनेल तोडल्यावरही काही मिनिटं भरलेले असतात. मोटर कायमचुंबकाची असेल तर शाफ्ट हाताने फिरवला तरी टर्मिनलवर व्होल्टेज येतं. काकांनी नव्या फळीसाठी घरातला साधा एसी स्विच काढून ठेवला होता. डीसीची ठिणगी त्यात विझत नाही, संपर्क उघडले तरी ती मधल्या फटीत जळत राहते. डीसीचा आयसोलेटर अमरावतीहून आणावा लागेल. तो येईपर्यंत सौर पंपाचा कंट्रोलर उघडायचा नाही, एवढं त्यांनी पोराला माझ्यासमोर बजावलं.